टॉर्चने बोल्ट काढायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

रविवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, अल्टरनेटरचा खालचा बोल्ट गोल झालाय. आणि... थोडं पेटलं होतं.” अल्टरनेटर म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज करणारं यंत्र; बोल्ट गोल झाला म्हणजे डोक्याचे कोपरे झिजले आणि पाना सटकायला लागला. मी पोचलो तेव्हा बॉनेटखाली जळक्या रबराचा वास होता. एका होजवर काळा फोड आला होता आणि शेजारच्या वायरचं आवरण वितळून आतलं तांबं दिसत होतं. पोराच्या भुवईचे केस करपले होते. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. मेसेज ओळखीचाच निघाला, मलाही चार जणांनी पाठवलेला: “कितीही जाम, कितीही गोल झालेला बोल्ट दोन मिनिटांत काढा. मेकॅनिक हे सांगत नाहीत.” खाली पाच युक्त्या. गंज सोडवणारा स्प्रे मारून लगेच गॅसच्या टॉर्चने तापवा. बारा कोनांचं लहान सॉकेट (डोक्यावर बसणारी पान्याची वाटी) ठोकून बसवा. पान्याला लांब पाइप लावा. कोला ओता. तरी नाही निघाला तर इझी-आउट (तुटलेल्या बोल्टच्या भोकात घालून तो फिरवायचं हत्यार) घाला.

मी हेच काम रोज करतो आणि असल्या युक्त्यांनी बिघडलेले बोल्ट माझ्याकडेच येतात, म्हणून लिहितोय.

पहिली युक्ती सगळ्यात घातक. स्प्रेचा डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ज्वालेचं चिन्ह असतं. उघड्या ज्योतीवर फवारू नका, डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं बनवणाऱ्यानेच छापलेलं असतं. एवढं वाचलं तरी या मुद्द्याचा निकाल लागतो. बाकावर वाइसमध्ये धरलेला बोल्ट तापवणं वेगळं. इंजिनाच्या फटीत स्प्रेची वाफ कोंडून राहते, वीतभर अंतरावर इंधनाची नळी असते, आणि उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. काही जण स्प्रे संपला म्हणून ब्रेक क्लीनर मारतात. त्यातला क्लोरीनवाला प्रकार ज्योतीला लागला की फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हा वायू. आणि हे लहान पोरं वाचतात अशा मेसेजमध्ये हसऱ्या चेहऱ्याच्या इमोजीसकट लिहायचं?

उष्णतेने बोल्ट सुटतो, हे मात्र खोटं नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं: मीटरमागे, अंशामागे साधारण २३ मायक्रोमीटर, पोलाद १२. म्हणून तापवायचा तो बोल्टभोवतीचा ॲल्युमिनियमचा कान, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो पुढे आलेला भाग, तेही हॉट एअर गनने, होज-वायरी आड धरून, आणि कुठलाही स्प्रे मारायच्या आधी. स्प्रे मारलेल्या जागेवर ज्योत नेणं याला युक्ती म्हणत नाहीत.

बॅटरीबद्दल तर त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते, किल्ली काढली तरी तिच्यात करंट असतोच. पाना एकीकडे तिला आणि दुसरीकडे इंजिनाला टेकला की ठिणगी उडालीच. भाच्याने बॅटरी जोडलेलीच ठेवली होती.

सॉकेटचा मुद्दा अर्धा खरा. १३ मिलिमीटरच्या गोल झालेल्या डोक्यावर अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटरचं सॉकेट ठोकून बसवतात. मीही बसवलंय. पण ते सहा कोनांचं हवं. सहा कोनांचं सॉकेट डोक्याच्या सपाट बाजूंवर धरतं. बारा कोनांचं कोपऱ्यांजवळ धरतं, आणि आपल्या बोल्टला कोपरे उरलेलेच नसतात. भाच्याचा बोल्ट मी बोटाने चाचपला, तर कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, आणि बोटाला पोलादाचा चकचकीत चुरा लागला. जितक्या वेळा पाना सटकला तितका चुरा. शिवाय अडचणीच्या जागेत हातोडी फिरत नाही. सॉकेटला जोडायच्या लांब दांडीच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, टोकावर ठोकावं लागतं, आणि घाव तिरका पडला तर ॲल्युमिनियमचा कान तडकतो.

पाइपचं काय सांगायचं? पकडच नसेल तर जोर वाढवून चुराच वाढतो. पकड असेल तर १३ चं डोकं असलेला बोल्ट आत जेमतेम ८ मिलिमीटर जाड असतो, डोकं तुटून हातात येतं. कोलातलं फॉस्फोरिक ॲसिड गंज खातं, पण वस्तू तासन्‌तास बुडवून ठेवली तर. आडव्या बोल्टवरून ते ओघळून जातं आणि मागे चिकटा राहतो.

इझी-आउट हे डोकं तुटल्यानंतरचं हत्यार आहे. त्यासाठी बोल्टच्या बरोबर मध्यात भोक पाडावं लागतं. जिथे ड्रिल सरळ शिरत नाही तिथे मध्य कसा साधणार? वर ते कडक आणि ठिसूळ. आत तुटलं की साधं ड्रिल बिट त्याच्यावर नुसतं घसरतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली, मग पुढचं चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. अर्धा तास गेला, पण बोल्ट डोळ्यांसमोर आला. मी येण्याआधी भाचा वरून हातात आरसा धरून काम करत होता. आरशात फिरण्याची दिशा उलटी दिसते, त्यामुळे निम्मा वेळ तो बोल्ट आवळतच होता. तारेच्या ब्रशने डोकं आणि आट्यांचं बाहेर आलेलं टोक साफ केलं, पेनिट्रेटिंग ऑइल लावलं आणि रात्रभर हात लावला नाही. तेलाला आट्यांत शिरायला वेळ लागतो, तो “लगेच” कुठून येणार?

सकाळी डोक्यावर पंच ठेवून तीन-चार सरळ टोले दिले. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणातच जातो, म्हणून ती बैठक आधी हलवायची. मग उलट्या पिळाच्या दातांचं एक्स्ट्रॅक्टर सॉकेट ठोकून बसवलं. कट्ट असा आवाज आला. पाव फेरा. थोडं तेल, थोडं थांबणं, परत पाव फेरा. पूर्ण निघायला वीस मिनिटं लागली.

नवा बोल्ट लावताना आट्यांना अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात दिला. त्याने घर्षण कमी होतं, म्हणून आवळतानाही जोर कमी ठेवला. होज आणि वायर बदलायला दुपार झाली. भाच्याने त्या जळक्या वायरचा फोटो, मेसेज जिथून आला त्याच ग्रुपवर टाकलाय.