नागपूर ५४५ किलोमीटर, पण कावळ्याला

नाशिक ते नागपूर हवाई अंतर साधारण ५४५ किलोमीटर, असं मोबाइल छातीठोक सांगतो. हे अंतर ओझरच्या धावपट्टीपासून सोनेगावच्या धावपट्टीपर्यंतचं, सरळ रेषेत, कावळ्यानं उडावं तसं. कावळ्याला वेब चेक-इन नसतं आणि गंगापूर रोडवरून ओझरही गाठायचं नसतं.

आधी तिकीट काढताना विमानतळाच्या कोडचं बघा. घाईत एनएसके टाकलंत तर समोर येतं सैबेरियातलं नोरिल्स्क. आपला कोड आयएसके. नाशिकरोड स्टेशनचा एनके, पण ते खातं वेगळं.

आता वेळ. एटीआर, म्हणजे या मार्गावरचं पंख्याचं छोटं विमान, ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे तास-सव्वातासात नागपूर. हा भागाकार चौथीतलं पोरही करेल. पण तिकिटावरची वेळ मोजतात ती चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते नागपुरात पुन्हा लावेपर्यंत. धावपट्टीच्या टोकापर्यंतचं रांगणं, चढतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचा वळसा, सगळं त्यात आलं. त्यामुळे सव्वाचे दीड-पावणेदोन तास होतात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर. परतीला दहा मिनिटं जास्त लागली तर पायलटला नावं ठेवू नका.

खरा प्रवास जमिनीवरच होतो. दहाचं विमान धरा. सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद, म्हणजे नऊला. गेट त्यानंतर अर्ध्या तासात. ओझरला पाऊण तास, आणि द्वारका चौकाची मर्जी फिरली तर सव्वा. म्हणून घर सोडायचं साडेसातला. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सात किलोंत बसवायची. सुकं खोबरंही मोठ्या बॅगेत नको. त्यात तेल असतं, पेट घेतं. मावशीला चिवडा न्या.

ओझरला टर्मिनलबाहेर पडल्यावर काही मंडळी विमानाच्या पुढच्या दाराकडे झेपावतात. एटीआरमध्ये पुढून सामान चढतं, माणसं मागून. पंख डोक्यावर असल्यामुळे खिडकीतून खालची द्राक्षबाग छान दिसते, पण पंख्याजवळची जागा मिळाली तर शेजाऱ्याशी गप्पा खाणाखुणांनीच. धावपट्टी एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची, तेव्हा मोबाइल खिशात. तिथे फोटोला मनाई आहे.

नागपूरला बॅग मिळून घरी टेकायला साडेबारा. एकूण पाच तास. ५४५ भागिले पाच, म्हणजे ताशी १०९ किलोमीटर. समृद्धीवर मोटारीला १२० ची मुभा आहे! तरी मोटार हरते, कारण शिर्डीमार्गे रस्ता सहाशेच्या वर जातो आणि चहाला कोणी ना कोणी थांबवतंच.

थेट विमान नसलं की संकेतस्थळ हैदराबादचा रस्ता दाखवतं. आधी ५७५, मग ४३०, म्हणजे ५४५ साठी हजारावर किलोमीटर आणि मध्ये तिथल्या शमशाबाद विमानतळावर महागडा चहा. अशा वेळी मला विचाराल तर विदर्भ एक्स्प्रेसचं वेटिंग किती आहे ते बघा. रात्री नाशिकरोडला चढा, चादर ओढा, सकाळी नागपूर.