रँडम कीज टाकल्या म्हणजे कोलिजन तपासलं असं नाही

माझ्या हॅश टेबलच्या (की दिली की तिची व्हॅल्यू झटपट काढून देणाऱ्या साठ्याच्या) टेस्टवर तुमचे आक्षेप दोन. हॅश फंक्शन कीवरून एक आकडा काढतं आणि त्यावरून कीची जागा ठरते; ते नेहमी शून्यच परत करणारं लावून टेस्ट करणं बनावट आहे, रँडम कीज भरपूर टाकल्या की कोलिजन, म्हणजे दोन कीजची टक्कर, आपोआप होतं, हा पहिला. टेस्टच्या हट्टापायी फंक्शन पॉइंटर (हॅश फंक्शन बाहेरून बदलता यावं म्हणून) आणून मी कोड मंद केला, हा दुसरा.

कोलिजन होतं खरं, पण कुठलं? एका बकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या एका खणात, दोन कीज येणं रोजचंच आहे. १०२४ बकेट्समध्ये १०० कीज टाकल्या तरी अशा चार-पाच जोड्या पडतात. ३२ बिटांचा अख्खा हॅश जुळला आणि कीज मात्र वेगळ्या, हे प्रकरण निराळं. माझा कोड आधी साठवलेला हॅश ताडतो, जुळला तरच स्ट्रकम्प, म्हणजे दोन कीजची अक्षरं ताडणारं फंक्शन. उद्या कुणी ते स्ट्रकम्प गाळलं, तर दुसरी की पहिलीची व्हॅल्यू गुपचूप पुसेल. १०,००० रँडम कीजमध्ये अशी जोडी मिळण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. एक लाख टाकल्या तरी दहातल्या तीन वेळा एकही मिळत नाही. म्हणजे बग तोच, टेस्ट कधी हिरवी, कधी लाल. असली टेस्ट कुणीतरी वैतागून बंदच करतं.

बनावट फंक्शन नको? मग खऱ्या कीज घ्या. डीजेबी२ हे प्रचलित हॅश फंक्शन आधीच्या बेरजेला ३३ ने गुणून पुढचं अक्षर मिळवतं. कॅपिटल ए (६५) आणि स्मॉल बी (९८), किंवा कॅपिटल बी (६६) आणि कॅपिटल ए (६५): दोन्हीकडे २२४३. दर वेळी यातली कुठलीही एक जोडी निवडत दहा जोड्या एकापुढे एक लावा. वीस अक्षरी १०२४ कीज तयार, हॅश सगळ्यांचा एकच. २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर परिषदेत याच जातीच्या कीजनी वेब सर्व्हर कसे गुदमरतात ते दाखवलं होतं, आणि पीएचपीत तर गुणक हाच ३३ होता.

डिलीटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. खरी मेख तिथे आहे. लिनिअर प्रोबिंगमध्ये (खण भरलेला असला की पुढचा बघायचा) एकाच खणावर येणाऱ्या तीन कीज टाका, मधली काढा, तिसरी शोधा. मधला खण नुसता रिकामा केला असेल तर शोध तिथेच थांबतो, तिसरी टेबलात असून सापडत नाही. हेच शेवटच्या खणापासून करा, म्हणजे इंडेक्स वळून शून्यावर येतो का तेही कळेल. टूम्बस्टोन (काढलेल्या कीच्या खणात ठेवलेली खूण) वापरत असाल तर नवनव्या कीज टाकत-काढत राहा. सगळे खण टूम्बस्टोनने भरले की टेबल रिकामं असूनही नसलेल्या कीचा शोध संपतच नाही. हा बग रँडम टेस्टला सहसा दिसत नाही, कारण आपण तिच्यात टाकतो भारंभार आणि काढतो चिमूटभर.

फंक्शन पॉइंटरचं म्हणाल, तर स्ट्रिंगवर अक्षर-अक्षर फिरण्यापुढे तो एक कॉल बहुधा किरकोळच. कीज अगदी आखूड असतील तर मॅक्रोने (कंपाइल करतानाच) फंक्शन बदलून टेस्टचा बिल्ड वेगळा काढा, माझी हरकत नाही.