ती २४ तासांची मुदत पोलिसांना आहे

कोरेगाव भागातल्या बचत गटांच्या ग्रुपवर फिरत फिरत तो मेसेज काल माझ्या मावशीच्या मोबाइलवर पोचला. ‘भगिनींनो, अत्याचार झाला तर २४ तासांत, जिथं घडलं त्याच ठाण्यात तक्रार द्या, नंतर केस होत नाही. एफआयआरशिवाय दवाखान्यात हात लावत नाहीत. आंघोळ केली की पुरावा संपला. आरोपी सुटला तर बाईच आत जाते.’ हे वाचून तिसऱ्या दिवशी धीर आलेली बाई उंबऱ्याबाहेर पडेल का?

२४ तास आले कुठून? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याचं, कलम १८४. बलात्काराची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी पीडितेला डॉक्टरकडे पाठवायचं, असं त्यात आहे. तक्रार द्यायला तिला २४ तासांची अट कुठंही नाही. उशीर झाला असेल तर धमकी, घरच्यांची भीती, जे खरं कारण असेल ते जबाबात सांगायचं. अशा गुन्ह्यात नुसत्या उशिरामुळं तक्रार खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच गुरमित सिंग खटल्यात सांगितलंय.

दवाखान्याची ओळ सगळ्यात घातक. त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणं सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं लगेच आणि मोफत उपचार करायचे. नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्याला बंधनकारकच आहे. पण एफआयआरचा कागद आणा मग बघू, असं म्हणता येत नाही. तपासणी संमतीनंच होते. तिनं तपासणीतला एखादा भाग नाकारला, तरी उपचार थांबवता येत नाहीत. बाईला शरीरसंबंधाची सवय आहे का हे योनीत बोटं घालून बघणारी दोन बोटांची चाचणी कुणी करायला गेलं तर ते गैरवर्तन, हा २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आणि घाई खरोखर कशाची आहे? एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्यांची. त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. कागदासाठी परत पाठवलेल्या बाईचे हेच तास वाया जातात.

आंघोळीचं निम्मं खरं आहे, मान्य. खुणा कमी होतात. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणं नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. अंगावरचे कपडे धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवा आणि एकेक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि नमुना हातचा जातो.

‘त्याच ठाण्यात’ हेही चूक. पुण्यात घडलं आणि बाई माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या वडूजला आली, तर वडूजच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो पुण्याला पाठवतात. तक्रार महिला अधिकारी लिहून घेते, प्रत फुकट मिळते. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथं होतो. बलात्काराची तक्रार नोंदवलीच नाही तर त्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. नकार मिळाला की सगळं लिहून साताऱ्याला पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं पाठवायचं. तिथंही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकारी.

आरोपी सुटला म्हणून बाई आत जात नाही. पुराव्याअभावी सुटणं वेगळं. तिनं जाणूनबुजून खोटा आरोप केला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.