बार्बास्कोने पाण्यातला ऑक्सिजन संपत नाही

‘इक्वाडोरच्या अ‍ॅमेझॉन भागातले किचवा लोक झाडाच्या मुळांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि विषारी मासे खातात’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मासे पकडायला बार्बास्को या वनस्पतीची मुळं ठेचून ओढ्यात पिळली की दुधासारखा रस पसरतो. त्यातलं रोटेनोन हे विष कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जातं. ऑक्सिजन पाण्यात असतोच, पण माशाच्या पेशींना तो वापरता येत नाही. मासे गुंगून वर येतात. माणसाच्या आतड्यात रोटेनोन फारसं शोषलं जात नाही, शिजवताना बरंचसं नष्टही होतं. म्हणून पानात गुंडाळून भाजलेला मासा, म्हणजे ‘माइतो’, बिनधास्त खाल्ला जातो.

मात्र ‘नैसर्गिक, म्हणजे निरुपद्रवी’ हेही खरं नाही. माशांची पिल्लं आणि पाण्यातले किडेही त्यात मरतात. शिवाय किचवांकडे गळ आहेत, पागासारखं फेकायचं जाळंही आहे. सगळी मासेमारी मुळांवर चालत नाही.