ध्येय ठेवा हो, पण दुसऱ्याचं!

प्रगती साधायची असेल तर पहिलं काम म्हणजे ध्येय जाहीर करणं. बाकी मग बघू. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'यंदा हाफ मॅरेथॉन!' असं टाका, अंगठे गोळा करा आणि झोपा. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने २००९मध्ये प्रयोगांतून दाखवलंय, की आपल्या हेतूची लोकांनी दखल घेतली की पुढचं काम माणूस कमीच करतो. म्हणजे कौतुक आधी आणि घाम वाचला. अजून काय पाहिजे?

रोज दहा हजार पावलं चाला. हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, हे कुणाला सांगू नका. आमच्या इंदूरच्या सराफ्यात तळलेल्या गराडूच्या गाडीपाशी उभ्या उभ्या मोबाइल हलवला तरी मोजतो तो.

सवय २१ दिवसांत लागते, असं ठणकावून सांगा. लंडनच्या संशोधकांना साधारण ६६ दिवस दिसले, कुणाला १८ तर कुणाला २५४. पण एवढं थांबायला वेळ कुणाला आहे!

आता सर्वांत महत्त्वाचं. स्वतःचं ध्येय ठरवून दमलात की घरच्यांची ठरवा. आमचे भाचेबुवा पाहा. दिवाळीला सुदामा नगरात आले ते लॅपटॉप घेऊनच. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी शीट उघडली, प्रत्येकाच्या नावापुढे लाल-हिरवे रकाने. माझ्यापुढे 'आठ किलो कमी'. मी मागितलं नव्हतं. माझ्या ऐंशी पार केलेल्या आईला विचारलं, "आजी, पुढच्या पाच वर्षांचं व्हिजन?" ती म्हणाली, "बाळा, तोवर मी भिंतीवर असेन." तिच्या रकान्यात लाल रंग: 'निगेटिव्ह माइंडसेट'! रविवारी पोह्यांबरोबर मी जिलबी घेतली, तर तिचा फोटो ग्रुपवर. याला म्हणे अकाउंटेबिलिटी. भिया, इंदुरात जिलबीवर पहारा?

तेही हसून सोडलं असतं. पण बायको संध्याकाळी हौसेनं पेटी वाजवते. नाट्यपदं, भजनं, जमेल तसं. तिला विचारलं, "मामी, परीक्षा कधी? महिन्याला रील किती?" मग रोज सकाळी मेसेज: 'आज किती मिनिटं?' आता ती पेटीला हात लावत नाही. लावला की हिशेब द्यावा लागतो ना!

ध्येयाने काम सुधारतं, हे मला मान्य आहे. नेमकं आणि अवघड ध्येय माणसाला जोर देतं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक १९६८पासून सांगत आलेत. पण ते ध्येय माणसाला स्वतःला पटलेलं असावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलंय. भाचेबुवा, तेवढं कळायच्या आधीच तुमचा प्रेरणेचा व्हिडिओ संपला वाटतं?

अरे, कुणी मागितलं होतं? बायका-माणसं आपापल्या घरात सुखानं काहीतरी करत असतात, त्यात तुम्ही तक्ते घेऊन घुसता, वर त्यालाच प्रेरणा म्हणता! तुला धावायचंय ना, रीजनल पार्कला जा, हवं तेवढं धाव. आमची नावं शीटमधून आजच्या आज काढ. आणि मामीची माफी माग, ग्रुपवर नाही, घरी येऊन.