‘जुन्या गाइडवरून उतरवलंय’ म्हणणाऱ्या सातारकरांना उत्तर

सातारकर,

मट (टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालणारा मेल प्रोग्रॅम) आणि एमएसएमटीपी (मेल सर्व्हरकडं पोचवणारा छोटा प्रोग्रॅम) यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मटमध्ये मेल पाठवायची स्वतःची सोय असताना मध्ये एमएसएमटीपी कशाला घातलं, ५८७ पोर्ट (मेल पाठवताना सर्व्हरचं जे दार वापरतात त्याचा नंबर) आता मागे पडला, ४६५ करा, पासवर्ड फाइलमध्ये उघडा ठेवणं धोक्याचं, मराठी मजकूर टर्मिनलमध्ये नीट दिसत नाही, आणि सगळ्यात शेवटी, ‘एखाद्या जुन्या इंग्रजी गाइडवरून उतरवलेलं दिसतंय, लेखक स्वतः हे वापरत असेल असं वाटत नाही.’

आधीच्या मुद्द्यांवर बोलता येतं. शेवटचं वाक्य मात्र मुद्दा नाही, आरोप आहे, आणि तोही टोपणनावाआडून केलेला. लेखात काही खटकलं तर ओळ दाखवा, मी ती बदलतो; या ब्लॉगवर हे आधीही झालंय आणि सुचवणाऱ्याचे आभारही मानलेत. पण ज्याला आपण ओळखत नाही तो काय वापरतो आणि काय नाही, हे साताऱ्यात बसून परस्पर ठरवायचं, ही कुठली रीत?

वापरत नाही म्हणता, तर ऐका. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या काकांची हळदीची अडत आहे. कॉलेज सुटल्यापासून तिथला कॉम्प्युटर माझ्याकडं. सौदे आटोपले की दुपारी बिलं तयार होतात आणि बाहेरगावच्या खरेदीदारांना मेलनं जातात. मशीन जुनं आहे. ब्राउझरमध्ये मेल उघडायचा तर एकेका पानाला ताटकळावं लागतं. मट लगेच उघडतो आणि माऊसला हात न लावता काम होतं. अडचण मटची कधीच नव्हती, लाइनची होती. ऐन बिलांच्या वेळी नेट जातं, बाहेर खरेदीदाराचा माणूस उभा, आणि काका दर पाच मिनिटांनी विचारतात, ‘गेलं का रे?’

मटची स्वतःची सोय मला माहीत नाही असं आपल्याला का वाटलं, कळत नाही. मटच्या १.५ आवृत्त्यांच्या मालिकेत ती आली. एसएमटीपी यूआरएल नावाची, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्याची, एक ओळ लिहिली की काम भागतं, आणि मूळ लेखात दुसऱ्याच परिच्छेदात मी ते लिहिलंय. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. पण लाइन नसताना काय होतं ते बघा. मट सर्व्हरला जोडायला जातो, जोडणी होत नाही, आणि तो तुम्हाला पुन्हा पाठवायच्या पडद्यावर आणून सोडतो. मेल हरवत नाही, हे खरं. तो बाजूला ठेवता येतो, नंतर उघडून परत पाठवता येतो. पण एक एक करून, स्वतः लक्षात ठेवून. वीस बिलं असली की एखादं राहतंच.

एमएसएमटीपीबरोबर रांगेच्या छोट्या स्क्रिप्ट येतात. मेल कुठल्या प्रोग्रॅमकडं द्यायचा ते सांगणाऱ्या, मटमधल्या सेंडमेलच्या ओळीत एमएसएमटीपीऐवजी रांगेत टाकणाऱ्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, बस्स. मग मटच्या दृष्टीनं मेल गेला. प्रत्यक्षात घरच्या फोल्डरमधल्या रांगेत दोन फायली तयार होतात, दोन्हींच्या नावात तारीख आणि वेळ. एकीत अख्खा मेल, दुसरीत तो कुठल्या पर्यायांनिशी पाठवायचा ते. लाइन आली की रांग सोडणारी स्क्रिप्ट एकदा चालवायची. जे गेलं ते रांगेतून निघतं, जे राहिलं ते तिथंच थांबतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा वीज आणि लाइन कधी येईल याचा नेम नव्हता. लॅपटॉपवर मेल लिहून रांगेत टाकत होतो आणि मोबाइलला रेंज मिळाली की हॉटस्पॉटवरून रांग सोडत होतो. हे कुठल्या इंग्रजी गाइडमध्ये आहे ते दाखवा.

दुसरी गोष्ट लॉगची. एमएसएमटीपीला लॉगफाइल (नोंदींची फाइल) सांगितली की प्रत्येक मेलमागे एक ओळ पडते: सर्व्हर कुठला, कुणाकडून, कुणाला, आकार किती आणि सर्व्हरनं काय उत्तर दिलं. ‘बिल आलंच नाही’ असा फोन आला की मी ती ओळ शोधतो. २५० दिसलं की मेल आपल्या सर्व्हरनं स्वीकारलाय, तेव्हा समोरच्याला स्पॅम बघायला सांगायचं. पाचशेच्या आकड्यानं, म्हणजे ५५० सारख्यानं, सुरुवात झाली असेल तर दोष आपल्याकडं शोधायचा. आणि रात्रीची बॅकअप स्क्रिप्टही याच वाटेनं मेल टाकते. तिला मट उघडायची गरज नाही. एवढ्यासाठी एमएसएमटीपी ‘मध्ये घातलंय’.

आता पोर्ट. इथं आपलं म्हणणं मान्य. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या आरएफसी ८३१४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये सुरुवातीपासूनच टीएलएस (जोडणी कुलूपबंद करायची पद्धत) असलेल्या ४६५ ला पसंती दिली आहे, तेव्हा लेखात तो पर्याय घालतो. पण ५८७ बंद झालेला नाही, जीमेलवर तो आजही चालतो. आणि आपण नुसतं ‘४६५ करा’ लिहून मोकळे झालात. एमएसएमटीपीत पोर्ट बदलला आणि ‘टीएलएस स्टार्टटीएलएस’ (आधी उघडं बोलून मग टीएलएस सुरू करायचा पर्याय) बंद करणारी ओळ घातली नाही, तर प्रोग्रॅम सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघत बसतो आणि सर्व्हर टीएलएसच्या सुरुवातीची. दोघंही गप्प, आणि वापरणारा घामाघूम. दुसऱ्याला शिकवायचं तर पुरतं शिकवावं.

पासवर्डबद्दल: लेखात पासवर्डइव्हॅलची ओळ आहे, जीपीजी नावाच्या प्रोग्रॅमनं कुलूपबंद केलेल्या फाइलमधून पासवर्ड काढणारी. उघडा पासवर्ड मी फक्त पहिल्या चाचणीपुरता सांगितला, तोही फाइलची परवानगी ६०० करून, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी ठेवून. नाहीतर एमएसएमटीपी ती फाइल वाचायलाच नकार देतं. शिवाय हा खात्याचा खरा पासवर्ड नाहीच. गुगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डची वाट बंद करायला घेतली, तेव्हापासून दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो कधीही रद्द करता येतो. हेही लेखात आहे.

मराठी अक्षरं टर्मिनलमध्ये मोडकी दिसतात हा टर्मिनलचा प्रश्न आहे. जोडाक्षरं सगळ्या टर्मिनलना जमत नाहीत. लोकॅल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असलं की जाणारा मेल व्यवस्थित जातो.

आपली प्रतिक्रिया मी काढत नाही, ती तशीच राहील. पण अजूनही मी हे वापरत नाही असं वाटत असेल, तर एखाद्या दुपारी मार्केट यार्डात या. बिलं जाताना समोर बसून बघा, आणि नंतर इथंच खाली काय दिसलं ते लिहा. ४६५ आणि स्टार्टटीएलएसच्या दोन्ही ओळी आज रात्री लेखात घालतोय.