‘अर्धवेळ शाळा’ म्हणजे अर्ध्या दिवसाची शाळा नव्हे

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीबद्दल एक संदेश फिरतो आहे : तिथे १९व्या शतकात खेड्यातल्या मुलांसाठी ‘अर्धवेळ शाळा’ होत्या, म्हणजे मुलं अर्धा दिवस शिकायची आणि उरलेला अर्धा दिवस शेतात राबायची. हे चुकीचं आहे.

अर्धवेळ होते ते मास्तर. १८६६च्या कायद्यानुसार सार्वजनिक शाळेला किमान २५ मुलं लागत, तात्पुरत्या शाळेला १५. तेवढीही जमत नसतील तिथे दोन वस्त्यांत मिळून एकच शिक्षक देत. बिचारा घोड्यावर बसून एक दिवस इथे, एक दिवस तिथे. कुठे आठवड्याची पाळी. जाताना तो गृहपाठ देऊन जाई आणि परतल्यावर तपासे. आपल्या एकशिक्षकी शाळेत निदान गुरुजी रोज तरी भेटतात!

मुलांना शेतीकाम होतंच, गायींच्या धारा काढण्यापासून. पण त्यासाठी शाळा बुडायची, शाळेची वेळ अर्धी व्हायची नाही. १८८०च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना सहामाहीत किमान ७० दिवस हजेरी सक्तीची केली.

शिक्षण तेव्हा फुकट होतं, हेही खरं नाही. १८८०नंतरही आठवड्याला मुलामागे ३ पेन्स फी होती. ती १९०६मध्ये रद्द झाली.